माळेवर मोजलेली तार

लग्नानंतर दोन महिन्यांनी मी आमच्या ह्यांना पहिल्यांदा स्टेजवर वाजवताना पाहिलं, आणि शपथेवर सांगते, एक सूर ऐकू आला नाही. जळगावात एका शाळेच्या पटांगणावर कार्यक्रम होता. ऑर्केस्ट्रात ढोलक होती, अ‍ॅकॉर्डियन होतं, दोन गायक होते, नुसते खुळखुळे वाजवायला एक वेगळा माणूस होता, आणि अगदी कडेला खुर्चीवर आमचे हे. मांडीवर गिटार आडवी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादाची कांडी. ती कांडी तारांवरून इकडून तिकडे सरकवली की सूर लांबतो, वळतो, हुंदका देतो. त्याला हवाईयन गिटार म्हणतात. घरी मी रोज ऐकत होते, म्हणून मला ठाऊक. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्या बराच वेळ निरखून बघत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "ते कडेचे गृहस्थ मांडीवर काय घेऊन बसलेत हो? इस्त्री करताहेत का?"

मी म्हटलं, "मला काय माहीत!" आणि मान फिरवली. नवऱ्याला ओळख न देण्याची माझी ती पहिली वेळ.

दोष ह्यांचा नव्हता. ऑर्केस्ट्राचा आवाज मांडववाल्याच्या पेटीतून यायचा. तीच पेटी आणि तेच दोन भोंगे लग्नात, प्रचारात आणि हरवलेली मुलं पुकारायला. तिला माइक लावायच्या जागा दोनच, त्या दोन्ही गायकांनी धरलेल्या. अ‍ॅकॉर्डियन मुळातच दांडगं. राहिली गिटार. ती आपली आपल्यापुरती वाजायची.

पण गावाला कारणं नको असतात. आठ दिवसांत ह्यांचं नाव "इस्त्रीवाले" पडलं. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. बाजारात कोणीतरी त्यांना विचारलं, "आबा, मुलानं लाँड्री टाकली म्हणे?" आबा घरी आले, वांग्यांची पिशवी धाडकन ओट्यावर टाकली आणि तिथूनच फर्मान काढलं, "आखाजीपर्यंत त्या लाकडाचं काय ते ठरव. यावलच्या डॉक्टरांच्या मुलाला गिटार हवीच आहे. मी त्यांना शब्द देऊन टाकतो." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

हे म्हणाले, "बरं."

ते "बरं" ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे कशालाही बरं म्हणत. जकात नाक्यावर कारकुनी करायचे, तिथे साहेब ओरडला तरी बरं, घरी वडील ओरडले तरी बरं. गिटारीला खोळ घातली, खुंटीला टांगली आणि चार दिवस तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवताना भाकरी अर्धीच. रात्री मी विचारलं तर म्हणाले, "अगं, वाईट वाजवतो म्हणून कोणी उतरवलं असतं ना, तर मी स्वतःच विकली असती. पण मी चांगला आहे की वाईट हे अजून कोणी ऐकलंच नाही." असं म्हणून कूस बदलली. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. माणूस नापास झाला तर रडेल, पण ह्यांचा पेपर कोणी तपासलाच नव्हता.

पाचव्या दिवशी मीच ढकलून ह्यांना ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे पाठवलं. तो मारवाडी कापड दुकानातला धाकटा भाऊ. दिवसा कापड फाडायचा, संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. सगळे त्याला शेठ म्हणत. शेठ म्हणाला, "भाऊ, आखाजीच्या आधी धुळ्याला एका व्यापाऱ्याकडे रिसेप्शन आहे. या. पण आवाज आपापला घेऊन या. ऐकू आलात तर पुढचं बघू."

म्हणजे स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर. तो मुंबईला मिळायचा, आणि तो घ्यायचा तर आधी गिटार विकावी लागली असती.

हे सगळं ओसरीवर सांगून झालं. आबांनी समाधानानं पान लावायला घेतलं. आणि मी म्हटलं, "मी बांधते."

आता हे मी हवेत बोलले नव्हते. माझे वडील, नाना, धुळ्याला मोटारी भरून द्यायचे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती बैलगाडीत घालून आणायचा. आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं. उन्हाळ्यात केळीच्या बागांना पाणी सोडायला सगळे एकदम मोटारी लावत, व्होल्टेज पडे, मोटारी जळत, आणि आमच्या घरी दिवाळी. मी दहा वर्षांची असल्यापासून तार गुंडाळत होते. ह्यांचं स्थळ आलं तेव्हा नाना अहिराणीत म्हणाले होते, "जवाई तार वाजाडस, आंडेर तार गुंडायस. जमी जाई." जावई तार वाजवतो, मुलगी तार गुंडाळते, जमून जाईल! एवढ्यावर माझं लग्न ठरलं.

आबांनी पान तोंडात घालता घालता थांबवलं. म्हणाले, "मोटार वेगळी आणि हे वेगळं."

मी म्हटलं, "आबा, तार तीच."

स्टेशनाजवळ एक म्हातारे रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढून दिला, आणि मेलेल्या रेडिओंतून जिवंत व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे छोटे दिवे, आत तांबूस वात. ते तापले की काम सुरू. उरलं ते अवघड काम, ट्रान्सफॉर्मर. वीज पेटीत शिरते तिथे तो बसतो. पत्र्यांच्या गठ्ठ्याभोवती तारेचे दोन-तीन वेगवेगळे थर. बाहेरची वीज येते तो थर हजार वेढ्यांचा, आणि त्या प्रमाणात पुढच्या थरांचे वेढे. प्रमाण चुकलं की सगळंच चुकलं.

मी एस.टी.नं धुळ्याला गेले. नाना खोखो हसले. "मोटार फिरस. हाई काय करी?" मोटार निदान फिरते, हे काय करणार! मी म्हटलं, "ही गाईल." ते आणखी हसले, पण तार दिली, पुठ्ठा दिला, मेणकागद दिला, आणि हातानं फिरवायचं वेढे घालायचं यंत्र दिलं. त्याचा आकडे दाखवणारा काटा मोडलेला. नानांना काट्याची गरजच नव्हती. ते मनात मोजत, गिऱ्हाइकाशी बोलत असतानासुद्धा, आणि कधी चुकत नसत. मला ते कधीच जमलं नाही. मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि बोललं की आकडा जातो.

तसंच झालं. तीनशे चाळीसला दूधवाला आला. पुन्हा पहिल्यापासून. सहाशे बाराला आबांनी विचारलं कपाटाची किल्ली कुठे आहे, आणि मी त्यांना किल्ली, कपाट आणि विसरभोळेपणा या तिन्हींबद्दल बोलले. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा शेजारची विरजण मागायला आली तेव्हा मी यंत्रावर डोकं टेकलं.

माझ्या सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणत, शेजारीच जपाला बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू फिरव. मी मोजते. मी नाहीतरी तेच करते दिवसभर." त्यांनी तुळशीची माळ काढली. एक वेढा, एक मणी. माळ पुरी झाली की वाटीत एक चिंचोका. मी फिरवत होते आणि बोलतही होते, शेजारणीबद्दल, नणंदेबद्दल, जगाबद्दल. अक्का हं हं करत होत्या आणि मणी सरकत होते. दुपारभरात वाटीत दहा चिंचोके पडले. "झाले तुझे हजार," अक्का म्हणाल्या. त्या म्हाताऱ्या बाईची मी मनातल्या मनात दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी त्या बोदवडला बहिणीकडे भागवत सप्ताहाला गेल्या. पुढचे थर मी दाराला कडी घालून, वहीत रेघा ओढत, तोंड बंद ठेवून एकटीनं पुरे केले. आयुष्यातले सगळ्यात लांब दोन दिवस.

ट्रान्सफॉर्मर मेणात बुडवला नाही तर गुणगुणतो, म्हणून मेणबत्त्या वितळवल्या. भांडं दुधाचं घेतलं, दुसरं मावणारं नव्हतं. मग घासलं, राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, तरी आबा आठ दिवस म्हणत, "आज चहाला चर्चचा वास का येतोय?" व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर बसवायला जाड पत्रा हवा होता. तेलाच्या डब्याचा पत्रा त्या वजनानं वाकला. मग मी रुखवतात आलेलं ॲल्युमिनियमचं खोल, चौकोनी ताट काढलं, पालथं घातलं आणि त्याला भोकं पाडली. त्याच्या काठावर मामांनी अक्षरं कोरून घेतली होती: सप्रेम भेट. ती बरोबर पुढच्या बाजूला आली. पुढे लोकांना वाटायचं तेच कंपनीचं नाव. हे सगळं चहाच्या रिकाम्या खोक्यात बसवलं, पुढून जुन्या रेडिओग्रामचा स्पीकर.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पेटीनं "घूंऽऽ" असा हंबरडा फोडला की बाहेरचं कुत्रं उभं राहिलं. नानांचा धडा होता, चालू यंत्राला हात लावायचा तर एक हात पाठीमागे. दोन्ही हात आत गेले की वीज छातीतून जाते. तशी एक हात कमरेमागे ठेवून, लाकडी उलथन्यानं एकेक तार हलवत मी त्या हंबरड्याचा माग काढला. दिव्यांच्या वातींना जाणाऱ्या दोन तारा सरळ नेल्या होत्या, त्यांना वेणीसारखा पीळ घातला. आवाज निम्मा झाला. जमिनीची तार एकाच जागी जोडली. उरलेलाही गेला.

मग ह्यांनी खोळ काढली आणि गिटारीची वायर पेटीला जोडली. तार छेडली, कांडी सरकवली, आणि सूर आला. आला म्हणजे जरा दमानं आला. आधी हळू, मग फुगत, शेवटी थोडा खरखरीत होत. हे डोळे मिटून म्हणाले, "अगं, किती गोड आहे हे!"

"गोड नाही, अशक्त आहे," मी म्हटलं. मला ऐकूनच कळलं. नानांकडून आणलेला मीटर लावला. बाहेरची वीज कमी होती ती होतीच, पण तो हिशेब सोडूनही आत कुठेही पाहा, शंभराला सात-आठ कमी. सगळीकडे सारखे कमी. म्हणजे पहिल्याच थरात वेढे जास्त पडले होते. येणाऱ्या बाजूला वेढे वाढले की पुढे सगळ्यांच्या पानात कमी पडतं.

अक्का त्याच संध्याकाळी बोदवडहून परतल्या. मी त्यांना पाय धुवूही दिले नाहीत.

"अक्का, माळेत मणी किती?"

"एकशे आठ. एवढंही माहीत नाही का गं?"

"आणि एका माळेचे तुम्ही धरले किती?"

"शंभर."

"शंभर?"

"शंभरच धरायचे असतात. आठ चुकांचे. जप करताना मन इकडेतिकडे जातं, एखादा मणी दोनदा सरकतो, एखादा निसटतो. देवाला कमी पडू नये म्हणून आठ वरचे."

"अहो अक्का, ही तार आहे! देव नाही!"

"मग तारेत चूक होत नाही वाटतं?" असं म्हणून त्या पाय धुवायला गेल्या.

मी कपाळावर हात मारून घेतला. पहिला थर सगळ्यांच्या आत, पोटात. तो सुधारायचा तर सगळं उलगडायचं, आणि वरून मेण घट्ट झालेलं. धुळ्याचा कार्यक्रम परवावर. हे म्हणाले, "असू दे, छान आहे." आबा म्हणाले, "यावलला पत्र टाकू का?" मी दोघांनाही काही बोलले नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

एस.टी.त ह्यांच्या मांडीवर पेटी, माझ्या मांडीवर गिटार, मागच्या बाकावर आबा. ते स्वतःहून आले होते, "मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय" म्हणून. अक्का घरी, त्यांना आता माझ्याबरोबर प्रवास नको होता. धुळ्यात नाना मांडवात येऊन आधीच बसलेले. मांडव मोठा झगमगता, दिव्यांच्या माळाच माळा. पण त्या दिवशी गावात वीज नव्हती, म्हणून व्यापाऱ्यानं डिझेलचं जनरेटर आणलं होतं. दिवे मंद वाटतात म्हणून तो सारखा ओरडत होता, आणि जनरेटरवाल्यानं कंटाळून इंजिनाचा वेग वाढवणारा दांडा सुतळीनं बांधून ठेवला होता.

दोन गाणी बरी गेली. ह्यांची गिटार अजून घाबरतच वाजत होती. मग वाढपाच्या बाजूचे मोठे दिवे कोणीतरी एकदम बंद केले. जनरेटरवरचा भार उतरला आणि इंजिन सुतळीच्या जोरावर भडकलं. मांडवातले दिवे पांढरे फटक झाले, आणि फट, फट, फट, एक माळच्या माळ फुटली. बाया ओरडल्या. आणि तो वास आला. जळणाऱ्या वार्निशचा वास. त्या वासात मी लहानाची मोठी झाले. सगळा मांडव दिव्यांकडे बघत होता, आणि दोनच माणसं ताडकन उभी राहिली, एकीकडे मी, दुसरीकडे नाना.

मी स्टेजवर चढले ते चप्पल घालूनच. धूर मांडववाल्याच्या पेटीतून येत होता. त्यानं फ्यूजच्या जागी जाड तार घालून ठेवली होती, सारखा उडतो म्हणून. आता तो कसला उडतो, ट्रान्सफॉर्मरच गेला. मी माझ्या पेटीचं झाकण उघडलं, एक हात पाठीमागे, दुसरा मेणावर. गरम होता. पण आपल्या पोराचा ताप हाताला कळतो ना, तसं मला कळलं, हा जळणारा ताप नव्हे. मीटर लावला. बाहेरून वीज दोनशे तीसच्या जागी अडीचशेच्या वर चढलेली, आणि आत जेवढी हवी साधारण तेवढीच. अक्कांचे आठ मणी तिथे उभे होते, देवाला कमी पडू नये म्हणून घातलेले. मला रडूच यायला लागलं, पण तेवढा वेळ नव्हता.

तोवर जनरेटरवाल्याला दोन धपाटे बसले आणि सुतळी सुटली. शेठ स्टेजवर घामाघूम. "वहिनी, कार्यक्रम गेला!" मी म्हटलं, "गेला नाही. गायकाचा माइक इकडे द्या." माझ्या पेटीला दोन जागा होत्या. एकीत माइक, एकीत गिटार. भोंगे मुके, ढोलक उघड्यावर, आणि सगळा ऑर्केस्ट्रा चहाच्या खोक्यातून गायला लागला.

आता खरं सांगते. हे थोडे मागे पडत होते. लयीत नेहमीच एक पाऊल मागे, गल्लीत बायकोमागे चालल्यासारखे. पण मधल्या तुकड्यात गायक थांबला आणि कांडी तारेवर लांब सरकली, तेव्हा तो सूर फुगत फुगत मांडवभर गेला. स्वयंपाकघरातून आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला आणि उभाच राहिला. ह्यांनी मान वर करून पाहिलं, लोक आपल्याकडे बघताहेत. हसले. लग्नात हारसुद्धा इतकं हसून घातला नव्हता. नाना शेजाऱ्यांना सांगत होते, "मनी आंडेरनी बांधेल शे," माझ्या मुलीनं बांधलंय. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगत होते.

परतीच्या एस.टी.त आबांनी आधी पान लावलं. मग म्हणाले, "यावलच्या डॉक्टरांना कळवतो, गिटार विकायची नाही म्हणून." आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण तिसऱ्या दिवशी दुपारी शेठ घरी आला. हे नाक्यावर, आबा झोपलेले, अक्का देवळात. मी चहा टाकला. शेठ घोटाघोटानं प्याला आणि म्हणाला, "वहिनी, ही पेटी आम्हाला पाहिजे. कायमची. तुम्ही म्हणाल ते देतो."

"आणि हे?"

शेठनं बशीकडे बघितलं. "भाऊ माणूस फार चांगला. पण हात जरा मागे पडतो. भुसावळला एक जण आहे, लयीला एकदम पक्का. गिटारवाले मिळतात, वहिनी. अशी पेटी मिळत नाही."

त्या क्षणी माझं कौतुक होत होतं, आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाच्या तोंडून, आणि मला ते कौतुक त्याच्याच बशीत ओतून त्याला परत द्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "शेठ, पेटी एकटी कुठे जात नाही. तिच्याबरोबर माणूस जातो."

"कधीपर्यंत?"

"पेटी लागेल तोवर. आणि हे ह्यांना कळता कामा नये. कळलं, तर त्याच दिवशी मी सगळी तार उलगडून भंगारात टाकीन."

शेठ व्यापारी माणूस. मालाबरोबर काय घ्यावं लागतं ते त्याला समजत होतं. "मंजूर," म्हणाला, आणि दुसरा कप मागितला.

संध्याकाळी हे नाचतच घरी आले. शेठनं नाक्यावर जाऊन सांगितलं होतं, भाऊ, आत्ता घरी तुम्हालाच शोधून आलो, तुम्ही आमचे कायमचे. पुढे वर्षभर हे येईल त्याला सांगायचे, "शेठ स्वतः घरी आले हो मला बोलवायला." मी मान डोलवायची आणि स्वयंपाकघरात जायची.

मग मी ठरवलं, सौदा केलाय तर माल सुधारायला हवा. रोज दिवेलागणीला मी पाटावर लाटणं आपटायची आणि हे त्या ठोक्यावर वाजवायचे. मागे पडले की मी लाटणं जोरात आपटायची. एकीकडे पेटीही सुधारत होते. एक वर्षी खर्ज वाढवायचं बटण घातलं, एक वर्षी स्पीकर बदलला, एकदा सूर थरथरवायची सोय केली. दुसऱ्या वाजवणाऱ्यांसाठी आणखी पाच-सहा पेट्या बांधल्या. सगळ्यांचा पहिला थर अक्कांच्या माळेवर. दीपनगरच्या वीज केंद्रातले एक इंजिनिअर पेटी न्यायला आले, त्यांनी विचारलं, वेढे हजार का नाहीत? मी अक्कांकडे बोट दाखवलं. अक्कांनी त्यांना आठ मणी समजावून सांगितले आणि ते गृहस्थ वाकून नमस्कार करून गेले. पेट्या सुधारत होत्या हे मला मीटरवर दिसायचं. हे सुधारत होते का, ते कशावर बघायचं? रोज ऐकणाऱ्याला काही कळत नाही. आणि शेठला विचारायची माझी हिंमत नव्हती.

अशी नऊ वर्षं गेली. मग एक दिवस शेजारीण सांगत आली, शेठच्या पुतण्यानं मुंबईहून ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आणलाय. काचेचे दिवे नाहीत, तापायला वेळ नाही, एका हातात उचलता येतो, चकचकीत बटणांची रांगच्या रांग.

पेटी लागेल तोवर, असं मीच बोलले होते. ते आता संपलं. येत्या शनिवारी बोदवडला कार्यक्रम होता. तीन दिवस मी वेड्यासारखी पेटीला लागले. नवे व्हॉल्व्ह घातले, सांधे पुन्हा डाग देऊन पक्के केले, खोक्याला पॉलिश केलं. इतकी चांगली ती कधीच वाजली नव्हती. हे म्हणाले, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, धूळ बसली होती." ह्यांनी शनिवारी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि शीळ घालत नख्या शोधायला लागले. मला त्या शिळेचा इतका राग आला! आणि इतकी दयाही. आता कोणीतरी येऊन सांगणार, भाऊ, तुम्ही राहू द्या.

चार वाजता जीप आली. मागच्या बाजूला तो नवा चकचकीत डबा दिसत होता. ह्यांनी गिटार घेतली. मी पेटी दोन्ही हातांनी उचलून ओसरीच्या पायरीपर्यंत आणली. जड होती, पण कोणाच्या हातात द्यायचा धीर होत नव्हता.

शेठ जीपमधून उतरला. माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि घाईघाईत म्हणाला, "वहिनी, ती राहू द्या. जीपमध्ये जागा नाही. भाऊ, चला लवकर, तुमच्याशिवाय रंगीत तालीम थांबलीय."

मी पेटी तशीच धरून ठेवली. हळूच म्हटलं, "शेठ... पेटी नको?"

"पेटी आहे ना आता आमच्याकडे," शेठ म्हणाला. "गिटारवाला कुठून आणू?" आणि ह्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. जीप धुरळा उडवत गेली.

मी पेटी ओसरीच्या मधोमध ठेवली, तिच्यावर बसले आणि मोठ्यानं गळा काढला. अक्का आतून धावत आल्या.

"अगं बाई! कोण गेलं?"

"कोणी नाही. ह्यांना घेऊन गेले."

"मग रडतेस कशाला?"

"पेटी नेली नाही म्हणून."

अक्का वाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "मग हसतेस कशाला?"

"पेटी नेली नाही म्हणूनच."